जांभ्याचं नवं घर अस्सल कोकणी कधी म्हणायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुडाळजवळच्या गावात वडिलोपार्जित जागा आहे. आजोबांचं मातीत बांधलेलं जांभ्याचं घर पावसात पडलं. त्याच जोत्यावर नवं घर उभं करायचं आहे आणि ते अस्सल कोकणी असावं अशी घरच्यांची इच्छा आहे. ठेकेदाराने दिलेल्या आराखड्यात आरसीसीचे कॉलम-बीम, मध्ये ब्लॉकच्या भिंती, बाहेरून जांभ्याच्या पातळ चकत्यांचं क्लॅडिंग, वर उतरता स्लॅब आणि त्या स्लॅबवर चिकटवलेली मंगलोरी कौलं आहेत. हे अस्सल मानायचं की देखावा? आणि देखावा असेल तर खरं घर आज परवडतं का?

मी दक्षिण कोकणात घरं बांधण्याच्याच कामात आहे, म्हणून सरळ सांगतो. हा आराखडा मला पसंत नाही. तो खोटा दिसतो म्हणून नव्हे. चांगल्या कारागिराने लावलेलं क्लॅडिंग दहा फुटांवरून ओळखूही येत नाही. माझा आक्षेप असा की जुन्या घराचा प्रत्येक भाग काही ना काही काम करत होता. इथे ते भाग दिसायला ठेवलेत आणि त्यांचं काम काढून घेतलंय. चिरा, म्हणजे जांभ्याचा घडीव दगड, भार घेत नाही, कौल पाणी अडवत नाही, पडवी भिंतीला सावली देत नाही. आणि उद्या काही बिघडलं तर गावातला कुणीही ते दुरुस्त करू शकणार नाही. ही शेवटची गोष्ट माझ्या लेखी सगळ्यांत मोठी. गावातल्या गवंड्याला, सुताराला आणि घरात राहणाऱ्याला ज्या घराची डागडुजी करता येते, ते घर त्या गावचं. बाकी रंगरूप मागाहून.

आधी भिंतीचं बघू. तळमजला आणि वर पोटमाळा एवढ्या घराला चिऱ्याची भिंत स्वतः भार घेऊ शकते, कॉलमची गरज नसते. तुमच्या आराखड्यात एकाच भिंतीचे पैसे तीनदा मोजले आहेत: सांगाड्याचे, ब्लॉकचे आणि क्लॅडिंगचे. शिवाय जांभा सच्छिद्र दगड. पावसाळाभर तो पाणी पितो आणि ऊन पडलं की हळूहळू सोडतो. नऊ इंच जाडीच्या भिंतीला हे झेपतं. पाऊण इंचाची चकती मागून रसायनाने चिकटवली की तिच्यामागे गेलेलं पाणी तिथेच अडकतं. काही पावसाळ्यांत सांधे काळे पडतात, शेवाळ धरतं, मग एखादी चकती सुटते. त्यावर उपाय म्हणून चकचकीत कोट मारतात आणि राहिलेली ओलही आत कोंडून टाकतात.

चिरा कसा घ्यायचा हे नीट सांगतो, कारण बहुतेक घरांचं नशीब खाणीवरच ठरतं. साधारण चौदा इंच लांब, नऊ रुंद, सात उंच असा चिरा मिळतो. खाणीगणिक माप बदलतं. ताजा कापलेला चिरा मऊ असतो. त्यात लोहाचा अंश भरपूर, त्यामुळे हवा लागली की तो कठीण होत जातो. म्हणून जुनी माणसं चिरे रचून ठेवून एक पावसाळा त्यांवरून जाऊ देत आणि मगच भिंतीला लावत. खाणीत खोल गेलं की माती वाढते, दगड फिका आणि पांढरट होतो. पूर्वी हाताने काढलेल्या चिऱ्यावरून तो कुठल्या थरातला हे गवंड्याला कळायचं. आता यंत्राने कापतात, सगळे चिरे बाहेरून सारखेच गुळगुळीत, त्यामुळे डोळ्यांवर विसंबू नका. कडा नखाने खरवडून बघा. पांढऱ्या मातीचे मोठे डाग असतील तर तो चिरा गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या भिंतीला चालेल, घराला नको. दोन-चार चिरे रात्रभर पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवा. सकाळी कोपरे हातात आले तर ती गाडी परत पाठवा. गाडी उतरवून घेतल्यावर कुणी परत नेत नाही, तेव्हा हे आधी करायचं.

पण तुमच्याकडे त्याहून चांगला माल आधीच पडलेला आहे. आजोबांचं घर मातीत बांधलेलं होतं म्हणालात. मातीच्या सांध्यात बसवलेला चिरा पडला तरी सुटा होतो, झटकला की पुन्हा वापरता येतो. सिमेंटमध्ये बसवलेला चिरा काढताना फुटतो. तुमचे ते चिरे कित्येक पावसाळे खाऊन घट्ट झालेले आहेत. जेसीबी लावून ढिगारा भरावात ढकलण्याआधी मजूर लावा आणि चांगले, अर्धे, तुटके असे तीन ढीग करा. चांगले भिंतीला, अर्धे आतल्या आडभिंतींना, तुटके जोत्याच्या भरणीला. नवा माल त्या मानाने फार थोडा लागेल.

याचं मोल फक्त पैशात नाही. जांभा म्हणजे निसर्गस्नेही, असं हल्ली सर्रास म्हटलं जातं. तो येतो कुठून तेही बघावं. तो सड्यांवरून, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवरून येतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर पावसाळ्यात जी फुलं येतात ती इतरत्र सहसा दिसत नाहीत, आणि याच कातळांवर ती कातळशिल्पं आहेत, ज्यांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला. सोडून दिलेल्या चिरेखाणी उघड्या खड्ड्यांसारख्या पडून राहतात. जुना चिरा पुन्हा लावणारा माणूस कोकणाला धरून वागतो, असं मी मानतो.

इथे सुरक्षिततेचा प्रश्न येतो आणि तो टाळून चालणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा माणसं दगावली ती मुख्यतः स्वतःच्या घरांखाली. दोन बाजूंना दगड, मध्ये माती आणि कपच्यांची भर, दोन्ही बाजू जोडणारा आरपार दगड नाही, आणि माथ्यावर पांढऱ्या मातीचं जाड, पावसाळ्यागणिक थर चढवत गेलेलं माळवद. भिंती फुगून फुटल्या आणि ते सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. ती घरंही पिढ्यानपिढ्यांची, तिथल्या मातीतलीच होती. परंपरेतलं सगळंच राखण्यासारखं असतं असं म्हणणाऱ्याने एकदा मराठवाड्यातल्या त्या पिढीशी बोलावं. त्यानंतर तिथल्या लोकांना दगडाचीच धास्ती बसली आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार कुणालाही नाही.

आपल्याकडे १९६७ चा कोयनेचा भूकंप फार लांबचा नाही. म्हणून चिऱ्याच्या भिंतीत जोत्याच्या, लिंटेलच्या (दारं-खिडक्यांच्या माथ्याच्या) आणि छताच्या पातळीला सलग काँक्रीटची पट्टी घालाच. कोपऱ्यांत उभ्या सळया घाला, सांधेमोड नीट पाळा, म्हणजे वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देऊ नका, दारं-खिडक्या कोपऱ्यापासून लांब ठेवा. किती सळई, कुठे, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या. जुन्या घरात ही पट्टी नव्हती, मग नवं घर अस्सल कसं, असं मला अनेकजण विचारतात. आजोबांच्या गवंड्याला ही गोष्ट ठाऊक असती आणि परवडली असती तर त्याने ती घातलीच असती. भिंत एकजीव ठेवण्यासाठीच तो सांधे मोडत होता, कोपऱ्याला लांब चिरा निवडून लावत होता. पट्टी त्याचंच काम पुढे नेते. क्लॅडिंग ते काम मोडीत काढतं. दोन्ही गोष्टी नव्या असूनही मी एक घेतो आणि दुसरी टाकतो, ती याच कसोटीवर.

आता छप्पर. मंगलोरी कौल म्हणजे कोकणाची सनातन ओळख, असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात मंगळूरला बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये कारखाना काढला, तेव्हापासूनचं हे कौल. एकमेकांत अडकणाऱ्या कौलाची मूळ कल्पना त्याआधी फ्रान्समधली. कोकणातली त्यापूर्वीची छपरं गवताची, पेंढ्याची किंवा कुंभाराने केलेल्या नळ्यांची, म्हणजे अर्धगोल कौलांची होती. तुमच्या पडलेल्या घराचं एखादं कौल उलटून बघा. बासेल मिशनचा शिक्का आणि १८६५ हा आकडा असू शकेल. तो कारखान्याचा आहे, घराचा नव्हे. कितीतरी लोक त्यावरून घराचं वय सांगतात.

परक्या कारखान्यातला माल इथला कसा झाला? नळ्यांपेक्षा हलकं छप्पर झालं, कौल कौलात अडकल्याने गळती कमी झाली, दरवर्षीचं नळे परतण्याचं काम कमी झालं. आणि इथल्या सुताराने त्या कौलाच्या मापाला रिपांचं, म्हणजे कौलांखालच्या आडव्या पट्ट्यांचं अंतर बसवून घेतलं. एवढं झाल्यावर ते कुठून आलं हे विचारायचं कारण उरलं नाही. म्हणून नवी वस्तू आली की मी दारातून हाकलत नाही. ती इथल्या पावसात काम करते का आणि इथल्या हातांना समजते का, एवढंच बघतो.

या कसोटीवर स्लॅबवर चिकटवलेलं कौल नापास होतं. वाशांवरचं छप्पर गळलं तर आतून उजेडाचा ठिपका दिसतो. काठीने शेजारचं कौल वर उचलायचं, फुटकं काढायचं, नवं सरकवायचं. बाईमाणूसही उभ्या उभ्या हे काम करते. स्लॅबवरच्या कौलाखाली पाणी शिरलं तर ते स्लॅबच्या भेगेतून कुठूनही कुठेही निघतं. गळतं स्वयंपाकघरात आणि भेग असते माजघरावर. शोधायला सगळी कौलं उखडावी लागतात. खाऱ्या हवेत आतली सळई गंजते ती वेगळीच. आणि एप्रिल-मेमध्ये तापलेला स्लॅब रात्रीपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो, तर कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते.

पण लोक स्लॅब का घालतात याची कारणं खरी आहेत. पहिलं कारण माकडं. कोकणाबाहेरच्या माणसाला हे पटत नाही, पण वानरांची टोळी एका सकाळी अर्धं छप्पर फोडून जाते, आणि असं दर आठवड्याला. दुसरं, मेमध्ये घर शाकारायला माणूस मिळत नाही. मालक मुंबईला आणि गावात म्हातारे आईवडील. तिसरं, वादळ. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावरची कौलं आणि पत्रे पाचोळ्यागत उडवले, पुढच्या मे महिन्यात तौक्तेने सिंधुदुर्गलाही झोडपलं. त्यानंतर कुणी कौल नको म्हणालं तर त्याला संस्कृती समजावत बसणं मला जमत नाही.

माझा तोडगा असा. लाकूड महाग असेल तर वाशांऐवजी लोखंडी चौकोनी पाईप वापरा, गंजरोधक रंग नीट दोन हात देऊन. रिपा लोखंडी चालतात. उतार तीस अंशांहून कमी नको. कडेच्या ओळी आणि आढ्याजवळच्या ओळी तारेने रिपांना बांधून घ्या, वादळात तिथूनच कौलं उचलायला सुरुवात होते. माकडांचा त्रास फार असेल तर खाली पत्रा आणि त्यावर रिपा टाकून कौल, असं दुहेरी छप्पर करा. कौल फुटलं तरी घर गळत नाही, आणि पत्रा व कौल यांच्यामधली हवा उष्णता अडवते. शुद्धतावादी मंडळींना खालचा पत्रा खुपतो. मला खुपत नाही, कारण त्यामुळे सत्तरीतली आई पावसाळ्यात निर्धास्त झोपते, आणि फुटलेलं कौल दिवाळीला घरी आलेला मुलगा बदलू शकतो.

वळचण मात्र तीन फुटांच्या आत आणू नका. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, घाटाकडे त्याहूनही पुष्कळ जास्त, आणि तो वाऱ्याबरोबर नैऋत्येकडून तिरपा येतो. जांभ्याच्या भिंतीचं आयुष्य वळचणीवर आणि जोत्याच्या उंचीवर अवलंबून असतं. पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून लांब पडलं आणि उडालेले शिंतोडे जोत्यापर्यंतच थांबले, की निम्मं काम झालं. आराखड्यात तुमच्या ठेकेदाराने वळचण फूटभर दाखवली आहे, कारण स्लॅब जास्त बाहेर काढला की खर्च वाढतो. एवढ्या एका आकड्यावरून कळतं की हे घर चित्र बघून काढलंय.

लॉरी बेकर यांचं उदाहरण इथे देणं भाग आहे. मूळचे इंग्रज वास्तुरचनाकार, १९४५ मध्ये भारतात आले, केरळात स्थिरावले, २००७ मध्ये तिथेच वारले. विटा आडव्या-उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवायची जी पद्धत त्यांनी केरळात रुजवली, ती इंग्लंडमधली होती. स्लॅबच्या पोटात, जिथे काँक्रीट फुकट जातं तिथे, टाकाऊ मंगलोरी कौलं घालून त्यांनी काँक्रीट वाचवलं. कुठल्याही केरळी आजोबांनी असं घर बांधलं नव्हतं. तरीही त्यांची घरं केरळची वाटतात, कारण ती तिथल्या गवंड्यांच्या हातांनी, तिथल्या मालात आणि तिथल्या माणसाच्या खिशाला बघून झाली. त्यांनी बांधलेलं त्रिवेंद्रमचं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज बघायला जमलं तर जरूर जा आणि भिंतीला हात लावून बघा. गिलावा नाही, झाकपाक नाही, प्रत्येक वीट काय करते ते दिसतं.

आतल्या मांडणीबद्दल माझी मतं जरा ठाम आहेत. जुनं घर जसंच्या तसं परत बांधू नका. ओटीपर्यंत कुणी यायचं, माजघरात कुणी, मागच्या पडवीतच कुणी थांबायचं, हे जुन्या घराच्या उंबरठ्यांनी ठरवलेलं होतं. जातीचे आणि बायकांवरचे निर्बंध भिंतींत बांधलेले होते. काळोखी माजघरात आयुष्य काढलेल्या आजीला ती जागा गोड वाटत होती असं समजू नये. स्वयंपाकघर पूर्वेला उघडं, उजेडाचं करा. न्हाणी-संडास घराला जोडून, पण छपराच्या उतरत्या बाजूला घ्या. एक खोली म्हाताऱ्या माणसाला पायरी न चढता जाता येईल अशी ठेवा.

पडवी मात्र पूर्ण ठेवा, आणि उघडी ठेवा. दहा वर्षांनी कुणीतरी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावून ती खोलीत घेईल, तेव्हा आत्ताच एक खोली जास्तीची काढून ठेवा म्हणजे तो मोह होणार नाही. पडवी हे घराचं कपडे वाळवायचं, काजू सोलायचं, पाहुण्याला बसवायचं ठिकाण आहेच. त्याआधी ती भिंतीची छत्री आहे.

लाकडाबद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. जुन्या घरात चुलीचा धूर दररोज वाशांना लागायचा आणि किडीला आळा बसायचा. गॅस आला, धूर गेला, आणि शंभर वर्षं टिकलेले वासे भुंग्यांनी पोखरले. लाकडी छप्पर करणार असाल तर धुराचं काम दुसऱ्या कशाला तरी द्यावं लागेल. काजूच्या टरफलाचं तेल आपल्याकडे मुबलक आहे. वासे चढवण्याआधी सगळ्या बाजूंनी लावा, विशेषतः भिंतीत जाणाऱ्या टोकांना. हातमोजे घालून, कारण अंगावर फोड येतात.

आणि कोरीव खांब. बाजारात जुन्या वाड्यांचे, तमिळनाडूतल्या चेट्टिनाडच्या घरांचे खांब मिळतात, आणि ओटीवर तसे दोन लावले की घराला पुरातन कळा येते. कृपा करून घेऊ नका. शहरातल्या बंगल्यांची ही मागणी आहे म्हणून उभी घरं उतरवली जात आहेत. तुमच्या स्वतःच्या घराचे फणसाचे खांब ढिगाऱ्यात शाबूत असतील तर ते लावा, आणि छपराचं वजन खरोखर त्यांच्यावर येऊ द्या. त्यांना वाळवी लागली असेल तर गावच्या सुताराकडून साधे चौकोनी खांब करून घ्या.

परवडण्याबद्दल आता. ठेकेदाराचा चौरस फुटाचा दर सांगाड्याच्या घरासाठी असतो. चिऱ्याच्या घराला तो लावला की आकडा फुगतो, कारण त्याला ते काम करायचंच नसतं. इथे काम अंगावर न देता रोजावर करून घेतलेलं बरं. माल तुमचा, गवंडी तुमचा, देखरेखीला गावातलं विश्वासाचं माणूस. चिऱ्याचं काम जाणणारा वयस्क गवंडी शोधा आणि त्याच्या हाताखाली दोन तरुण ठेवायची अट घाला. त्यासाठी थोडे पैसे जास्त गेले तर जाऊ द्या. वीस वर्षांनी तुमची भिंत त्या दोघांनाच बघावी लागणार आहे. सांगाडा आणि क्लॅडिंग वगळल्याने वाचलेले पैसे छपरावर घाला.

पाया दिवाळीनंतर घ्या, भिंती शिमग्यापर्यंत उभ्या राहतील, कौलं मेच्या मध्यापर्यंत चढलीच पाहिजेत. बाहेरून चिरा उघडा ठेवायचा की गिलावा करायचा, हे आत्ता ठरवू नका. उघडा तांबडा चिरा म्हणजेच कोकण, ही अलीकडची आवड आहे. ज्यांना परवडायचं ते चुन्याचा गिलावा करून वर सफेदी देत. एक पावसाळा जाऊ द्या. कुठली भिंत आतपर्यंत ओलते ते ऑगस्टमध्ये हात लावून बघा. बहुधा नैऋत्येची असेल. तेवढ्या भिंतीला चुन्याचा गिलावा करा, सिमेंटचा नको, आणि बाकीचा चिरा खुशाल उघडा ठेवा.